रिचमंडचे होम फ्रंट उद्यान: सैन्याने नाकारलेल्या पुरुषांचा शोध घेणाऱ्यांसाठी एक परीक्षण

सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या पूर्व किनाऱ्यावरील रिचमंड या शहरात ‘रोझी द रिव्हेटर दुसरे महायुद्ध होम फ्रंट राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान’ आहे. होम फ्रंट म्हणजे युद्धकाळात आघाडीपासून दूर, देशातच चाललेले काम आणि जीवन; आणि ‘रोझी’ हे त्या काळात कारखान्यांत राबणाऱ्या स्त्रियांचे प्रतीक बनलेले नाव. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेकडून चालवल्या जाणाऱ्या या उद्यानाविषयी मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. मुलांकडे कॅलिफोर्नियात आलेले आई-वडील गोल्डन गेट पूल, नापाची द्राक्षे आणि योसेमिटी पाहून परततात आणि रिचमंडला जाण्याचे कोणी सुचवतही नाही. मी हे परीक्षण एका ठरावीक प्रश्नाच्या अंगाने लिहीत आहे. युद्धाच्या काळात ज्या पुरुषांना शारीरिक चाचणीत नापास करून सैन्याने परत पाठवले, त्यांनी मागे राहून काय केले आणि ते पाहायला, समजून घ्यायला हे उद्यान कितपत उपयोगी पडते, हा तो प्रश्न. माझे उत्तर असे आहे की या प्रश्नासाठी मला माहीत असलेल्या स्थळांमध्ये याहून चांगले स्थळ नाही. मात्र ते उत्तर एका इमारतीत, एका फलकावर मिळत नाही आणि ते मिळवण्यासाठी थोडे हिंडावे लागते.

आधी हा पुरुष कोण होता ते सांगितले पाहिजे. अमेरिकेने १९४० मध्ये सक्तीच्या लष्करभरतीचा कायदा केला आणि नोंदणी झालेल्या प्रत्येक पुरुषाला एक वर्ग दिला जाऊ लागला. वन-ए म्हणजे सेवेसाठी तयार आणि फोर-एफ म्हणजे शारीरिक, मानसिक किंवा नैतिक कारणाने अपात्र. तपासलेल्यांपैकी साधारण तिसरा हिस्सा नापास होत असे. कारणे वाचली की त्या काळच्या गरिबीचे चित्र उभे राहते. सुरुवातीच्या नियमांनुसार उमेदवाराला एकमेकांवर टेकणारे सहा चावण्याचे आणि सहा पुढचे दात असणे आवश्यक होते. महामंदीत वाढलेल्या हजारो तरुणांकडे तेवढे दात नव्हते आणि सुरुवातीला नकाराच्या कारणांत दातांचा क्रमांक सर्वांत वर होता. पुढे १९४२ मध्ये हा नियम सैल करावा लागला. त्याखेरीज अधू दृष्टी, कानाचा फाटलेला पडदा, हर्निया, क्षयाचे डाग, हृदयाचा दोष, लहानपणच्या पोलिओने बारीक झालेला पाय अशी कारणे होती. यातील पुष्कळ दोष कपड्यांखाली झाकलेले असत. रस्त्यावरून चालणारा पंचविशीतला, वरवर धडधाकट दिसणारा, पण गणवेश नसलेला पुरुष लोकांच्या नजरेत खुपे, आणि आपला दोष प्रत्येकाला समजावून सांगत बसणे त्याला शक्य नसे.

आता प्रत्यक्ष केंद्राकडे वळतो. अभ्यागत केंद्र हार्बर वे साउथ या रस्त्याच्या टोकाला, पाण्याच्या अगदी काठावर आहे. शेजारीच फोर्ड कंपनीचा १९३१ चा प्रचंड मोटार-जुळणी कारखाना आहे. अल्बर्ट कान या वास्तुविशारदाने आखलेल्या या कारखान्याच्या दातेरी छपरातून आणि उंच काचांमधून येणारा प्रकाश पाहण्यासाठीही येथे यावे. युद्धकाळात येथे सुमारे ४९,००० जीपगाड्यांची जुळणी झाली आणि पॅसिफिकला जाणारे रणगाडे शेवटचा हात फिरवून बोटीवर चढवले गेले. अभ्यागत केंद्र त्याच आवारातील ‘ऑइल हाउस’ या छोट्या विटांच्या इमारतीत २०१२ पासून आहे. प्रवेश विनामूल्य आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या फेरी बिल्डिंगहून येणारी बोट २०१९ पासून जवळच लागते आणि गाडी नसणाऱ्यांसाठी तोच सर्वांत सुखाचा मार्ग आहे. मात्र तिचे वेळापत्रक आठवड्याच्या दिवसांनुसार आणि ऋतूंनुसार बदलते, म्हणून निघण्याआधी ते पाहून घ्यावे. केंद्राच्या वेळांनाही हीच सूचना लागू आहे.

केंद्र लहान आहे. मोठ्या संग्रहालयांची भव्यता मनात धरून येणाऱ्याला पहिल्या क्षणी ते अपुरे वाटेल, पण छायाचित्रे, पोस्टर, कामाची साधने, रेशनिंगच्या वस्तू आणि कामगारांच्या ध्वनिमुद्रित आठवणी यांची मांडणी दाटीवाटी न करता केलेली आहे. लघुपटही दाखवले जातात आणि ते वगळू नयेत. येथील खरी संपत्ती म्हणजे रेंजर मंडळी, म्हणजे अभ्यागतांना माहिती देणारे उद्यानाचे कर्मचारी, आणि स्वयंसेवक. बेटी रीड सॉस्किन या येथील रेंजर १०० वर्षांच्या वयात, २०२२ मध्ये निवृत्त झाल्या. युद्धकाळात त्यांनी कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या ठेवलेल्या कामगार संघटनेच्या कार्यालयात कारकुनी केली होती, आणि ज्या गोष्टी फलकांवर येत नाहीत त्या अभ्यागतांसमोर उभे राहून सांगण्याची परंपरा त्यांनी येथे रुजवली. ती परंपरा आजही जाणवते. अधिकृत संस्थेने स्वतःच्या देशाच्या वागणुकीबद्दल इतक्या सरळपणे बोलावे, हे मला आदराचे वाटते. रिचमंडमधील जपानी वंशाच्या फुलशेती करणाऱ्या कुटुंबांना १९४२ मध्ये उचलून छावण्यांत नेले गेले, हा विषयही होम फ्रंटच्या इतिहासाबाहेर ठेवलेला नाही.

उद्यानाचे नाव रोझीचे आहे आणि ते तसे असण्यामागे कारण आहे. स्त्रिया प्रथमच इतक्या मोठ्या संख्येने जहाजबांधणीत आल्या आणि त्यांच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाले होते. तरीही आकडा पाहिला पाहिजे. उद्योगपती हेन्री कायझर यांच्या रिचमंडमधील चार जहाजबांधणी गोद्यांत ऐन भरात सुमारे ९०,००० माणसे काम करत आणि त्यांत स्त्रियांचे प्रमाण एक चतुर्थांशाहून थोडे अधिक होते. बाकीचे पुरुष होते. देशातील धडधाकट तरुण समुद्रापार गेलेले असताना हे पुरुष आले कोठून? काहींना कौशल्यामुळे भरतीतून सूट मिळालेली होती, काही भरतीच्या वयाखालचे होते, काही निवृत्तीच्या वयाचे, आणि फार मोठा गट फोर-एफ वर्गातला. टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा, लुइझियाना येथून आगगाड्या भरून माणसे आली. १९४० मध्ये सुमारे २३,००० वस्तीचे शहर तीनेक वर्षांत एक लाखावर गेले. घरे पुरेनात, तेव्हा एकाच खाटेवर तीन पाळ्यांची माणसे आळीपाळीने झोपत आणि चित्रपटगृहे रात्रभर उघडी ठेवली जात. रोझीच्या लाल रुमालामागे उभा असलेला हा पुरुष नावात नाही, म्हणून त्याला शोधण्याची नजर आपण घेऊन जावी लागते.

तो सर्वांत स्पष्ट दिसतो तो जहाजबांधणीच्या पद्धतीत, आणि माझ्या मते या उद्यानाची सर्वांत मोठी देणगी हीच पद्धत समजावून देण्यात आहे. रिचमंडच्या गोद्यांनी युद्धकाळात ७४७ जहाजे बांधली. जुन्या रीतीने जहाज बांधताना अनुभवी कारागीर लागत, सांगाड्यावर चढून, ओणवे होऊन किंवा पाठीवर पडून काम करावे लागे आणि एकेका कारागिराला अनेक कामे यावी लागत. कायझर यांच्या माणसांनी जहाजाचे मोठमोठे तुकडे जमिनीवर, छपराखाली तयार करून मग क्रेनने उचलून एकत्र जोडण्याची रीत आणली. पत्रे जोडण्यासाठी रिव्हेट, म्हणजे धातूच्या खिळ्यांऐवजी मुख्यतः वेल्डिंग आले. तुकडा क्रेनने उलटवता येत असल्यामुळे वेल्डरला डोक्याच्या वर हात ताणून काम करण्याची गरज कमी झाली. सांधा त्याच्या समोर, खाली, सपाट ठेवता येऊ लागला. अशा सांध्याचे काम काही आठवड्यांत शिकवता येते, आणि मुख्य म्हणजे ते बसून किंवा गुडघ्यावर टेकून करता येते. ज्याचा पाय अधू आहे, ज्याला दहा मैल ओझे घेऊन चालता येणार नाही, ज्याला एकाच डोळ्याने दिसते, त्याला सैन्याच्या मोजमापात जागा नव्हती, कारण सैन्याला प्रत्येक शिपायाकडून सर्व कामांची तयारी हवी होती. गोदीला मात्र त्याच्याकडून एक काम हवे होते आणि त्या एका कामाला काय लागते एवढेच पाहिले जात होते. एखाद्या माणसाचा दोष बरा न होताही कामाची मांडणी बदलल्याने तो उपयोगी कसा ठरतो, याचे इतक्या मोठ्या प्रमाणावरचे उदाहरण इतिहासात फार थोडे असेल.

नोव्हेंबर १९४२ मध्ये गोदी क्रमांक २ मध्ये ‘रॉबर्ट ई. पिअरी’ हे लिबर्टी जहाज, म्हणजे युद्धकाळात एकाच आराखड्यावर मोठ्या संख्येने बांधलेल्या मालवाहू जहाजांपैकी एक, तळाचा कणा (कील) ठेवल्यापासून ४ दिवस, १५ तास आणि २९ मिनिटांत पाण्यात उतरवले गेले. हा विक्रम प्रसिद्धीसाठी होता, त्याचे तुकडे आधीच मोठ्या प्रमाणावर तयार करून ठेवले होते आणि रोजचे काम इतक्या वेगाने चालत नसे, हे खरे. तरी एवढ्या घाईत जोडलेले ते जहाज युद्धभर माल वाहत राहिले.

याच ठिकाणी दुसरा, आणि मला सर्वांत जिव्हाळ्याचा वाटणारा भाग येतो. आजारी, कुपोषित आणि अपंग माणसांची फौज उभी केली की त्यांच्या प्रकृतीचा प्रश्न येणारच. कायझर यांनी डॉ. सिडनी गारफील्ड यांना बोलावले. गारफील्ड सैन्यात दाखल होण्याच्या बेतात होते. कायझर यांनी थेट वॉशिंग्टनपर्यंत खटपट करून त्यांना सोडवून घेतले. ऑगस्ट १९४२ पासून तीन पायऱ्यांची व्यवस्था सुरू झाली: गोदीत प्रथमोपचाराची ठाणी, कटिंग बुलेव्हार्डवर छोटे फील्ड हॉस्पिटल आणि गंभीर रुग्णांसाठी ओकलंडचे मोठे रुग्णालय. कामगाराच्या पगारातून आठवड्याला ५० सेंट कापले जात. त्या काळी निष्णात वेल्डरला तासाला १.२० डॉलर मिळत, म्हणजे अर्ध्या तासाच्या कमाईपेक्षाही कमी पैशांत आठवड्याभराच्या आजारपणाची चिंता मिटत होती. न्यूमोनिया हा गोदीतला मोठा शत्रू होता. डॉ. मॉरिस कोलन यांनी येथे त्याच्या इतक्या रुग्णांवर उपचार केले की पुढे त्या आजारावरील उपचारांविषयी त्यांचा ग्रंथच प्रसिद्ध झाला. पैसे आधीच भरलेले असल्यामुळे माणसे दुखणे अंगावर न काढता लवकर दाखवायला येऊ लागली, आणि लवकर आल्यामुळे गंभीर आजार कमी झाले, हे गारफील्ड यांचे निरीक्षण होते. १९४५ मध्ये गोद्या रिकाम्या होऊ लागल्या तेव्हा ही योजना सर्वसामान्यांसाठी खुली करण्यात आली आणि तिच्यातूनच आजची कायझर पर्मनंटे ही अवाढव्य आरोग्यसंस्था उभी राहिली. उपसागराच्या परिसरात राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांच्या खिशात तिचे कार्ड असते. त्या कार्डाच्या मुळाशी सैन्याने नाकारलेले, खोकणारे, लंगडणारे गोदी कामगार आहेत, हे त्यांतील किती जणांना ठाऊक असेल?

फील्ड हॉस्पिटलची नोंद उद्यानाच्या ऐतिहासिक स्थळांत आहे, पण अभ्यागत केंद्रापासून ते दूर आहे. उद्यानाच्या रचनेविषयी माझी मुख्य तक्रार याच स्वरूपाची आहे. स्थळे शहरभर विखुरलेली आहेत. गोदी क्रमांक २ च्या जागी मरीना बे पार्कमध्ये २००० मध्ये उभारलेले रोझी स्मारक आहे आणि त्याची पायवाट लिबर्टी जहाजाच्या लांबीइतकी, म्हणजे ४४१ फूट आहे. कामगारांसाठी १९४१ मध्ये बांधलेली ॲचिसन व्हिलेज ही वसाहत शहरात आहे, मातांसाठी १९४३ मध्ये सुरू झालेले बालसंगोपन केंद्र आणखी वेगळीकडे, आणि गोदी क्रमांक ३ खाडीच्या पलीकडे आहे. ऐतिहासिक इमारती हलवता येत नाहीत हे उघड आहे, परंतु एकाच माणसाचा दिवस, म्हणजे खाट, गोदी, दवाखाना आणि पुन्हा खाट, सलग समजून घ्यायचा असेल तर गाडी हवी, नकाशा हवा आणि पूर्ण दिवस हवा. केंद्रात शिरताच रेंजरना आपला विषय सांगावा आणि त्याच्या अनुषंगाने मार्ग आखून मागावा, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

गोदी क्रमांक ३ वरचे ‘रेड ओक व्हिक्टरी’ हे जहाज मात्र कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये. ते रिचमंडच्या इतिहास संग्रहालयाकडून, स्वयंसेवकांच्या बळावर चालवले जाते आणि त्यासाठी वेगळे शुल्क आहे. ४५५ फुटांचे हे जहाज येथेच, गोदी क्रमांक १ मध्ये बांधले जाऊन ९ नोव्हेंबर १९४४ रोजी पाण्यात उतरले, नौदलासाठी दारूगोळा वाहून नेले आणि अनेक वर्षे राखीव ताफ्यात गंजत पडल्यावर १९९८ मध्ये आपल्या जन्मगावी परत आणले गेले. त्याचे नाव आयोवा राज्यातील रेड ओक या लहान गावावरून आले आहे, कारण त्या गावाने आपल्या आकाराच्या मानाने फार मोठ्या संख्येने मुले युद्धात गमावली होती. ज्यांना आघाडीवर जाता आले नाही अशा अनेकांचे हात ज्या पोलादाला लागले, त्यावर आघाडीवर गेलेल्यांच्या गावाचे नाव कोरलेले आहे. येथे वेल्डचे सांधे अगदी जवळून पाहता येतात, त्यांवरून बोट फिरवता येते. काही सरळ आणि एकसारखे आहेत, काही जाडजूड, शिकाऊ हाताचे वाटतात. इंजिनघरात उतरल्यावर वाफेच्या टर्बाइनची माहिती देणारे स्वयंसेवक भेटले, तर त्यांना वेळ द्यावा. शिड्या उभ्या आणि अरुंद आहेत. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी वरच्या डेकवरच थांबावे. अधू शरीराच्या माणसांच्या श्रमाचे हे स्मारक अधू शरीराच्या अभ्यागताला पूर्ण पाहता येत नाही ही गोष्ट मला सलते, पण जुन्या मालवाहू जहाजाची रचनाच तशी आहे आणि त्याचा दोष तेथील कष्टाळू स्वयंसेवकांना देता येणार नाही.

जहाज पाहताना हेही ध्यानात असावे की फोर-एफ ठरलेल्यांपैकी काही जण गोदीवरच थांबले नाहीत. व्यापारी नौदलाचे शारीरिक निकष सैन्याइतके कडक नव्हते, त्यामुळे एक डोळा गेलेले किंवा हृदयाचा दोष असलेले पुरुषही लिबर्टी जहाजांवरून, पाणबुड्यांच्या टापूतून माल घेऊन गेले आणि त्यांतील कित्येक बुडाले. युद्धानंतर त्यांना माजी सैनिकांच्या सवलती मिळाल्या नाहीत. त्यांच्यातील युद्धकाळी समुद्रावर गेलेल्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळायला १९८८ उजाडावे लागले. गोदीत राहिलेल्यांना तर तेवढेही नाही. जानेवारी १९४५ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी फोर-एफ पुरुषांना आवश्यक कामांत लावण्याची शिफारस काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेपुढे केली, तेव्हा त्यांतील असंख्य पुरुष आधीपासूनच अशा कामांत घाम गाळत होते.

एक चांगली गोष्ट मात्र टिकली. १९४३ च्या कायद्याने अपंगांच्या व्यावसायिक पुनर्वसनाची व्याप्ती वाढवली, आणि १९४५ मध्ये काँग्रेसने ऑक्टोबरचा पहिला आठवडा अपंगांना नोकरी देण्याच्या प्रचारासाठी राखून ठेवला. त्यामागे युद्धातून परतणाऱ्या जखमींची चिंता होती, पण अपंग माणूस कारखान्यात काम करू शकतो हे कारखानदारांनी युद्धकाळातच डोळ्यांनी पाहिले होते. ओहायोतील ॲक्रनच्या रबर कारखान्यांत मोठ्या संख्येने कर्णबधिर कामगार होते. या विषयात रस असणाऱ्यांनी शक्य असल्यास ऑक्टोबरमध्ये रिचमंडला जावे. हवाही त्या महिन्यात येथे सर्वांत स्वच्छ असते.

लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी केंद्र, फोर्डचा कारखाना आणि पाण्याकाठची पायवाट एवढ्यावर समाधान मानावे; त्याला अर्धा दिवस पुरतो. अभियांत्रिकी, वैद्यक किंवा कामगार चळवळ यांपैकी कशाशीही संबंध असलेल्यांनी पूर्ण दिवस काढावा आणि जहाज उघडे असण्याचा दिवस आधी निश्चित करून मगच बाकीचे ठरवावे, कारण ते आठवड्यातून मोजकाच वेळ खुले असते. भारतीय वाचकाला आपल्या देशाच्या युद्धकाळाचा संदर्भ येथे मिळणार नाही. तो स्वतः जोडावा लागेल. माझ्याकडून या सेवेला पूर्ण शिफारस आहे. विनामूल्य असूनही रेंजरनी दिलेला वेळ, प्रश्नांना दिलेली नेमकी उत्तरे आणि अप्रिय इतिहास न टाळण्याची त्यांची तयारी या तीन गोष्टींत अनेक महागडी संग्रहालये त्यांच्या मागे आहेत. बाहेर पडताना अभिप्रायाच्या वहीत फोर-एफ कामगारांसाठी सर्व स्थळांना जोडणारा एक स्वतंत्र मार्गदर्शित फेरफटका असावा अशी विनंती मी लिहिली आहे. जाणाऱ्या आणखी काही मराठी वाचकांनीही ती लिहावी.